रुपेरी गोंड्यांचा पट्टा

"सोनेरी गोंडे आत्ताच शिवून टाकू का गं?" रेमोंने बायकोला विचारलं. त्याच्या हातात तिचा उपनगराध्यक्षपदाचा तिरंगी पट्टा होता. फ्रान्समध्ये उपनगराध्यक्षाच्या पट्ट्याला रुपेरी गोंडे असतात, नगराध्यक्षाच्या पट्ट्याला सोनेरी. त्याने हौसेने नवे आणून ठेवले होते.

"आधी निवडून तर येऊ दे!" ओदिल लाजून म्हणाली.

पण निवडून येण्याची शंका होतीच कुणाला? साल्व्हेरसाहेब गावाचे नगराध्यक्ष आणि पॅरिसमध्ये खासदारही. आठवडाभर पॅरिस, रविवारी बाजारात येऊन हात मिळवायचे, झालं. लग्नं, मयती, तुंबलेली गटारं, सगळं ओदिलच्या गळ्यात. लोक तिलाच नगराध्यक्षबाई म्हणत आणि तीही कुणाची चूक सुधारत नसे. आता कायदा आला की खासदाराला नगराध्यक्षाची खुर्ची ठेवता येणार नाही. साहेबांनी पॅरिस ठेवलं. गावची खुर्ची कुणाला, ते आज नगरसेवक ठरवणार होते.

सभागृहाच्या दारात बेकरीवाला मार्सेल, जुना नगरसेवक, तिच्या कानाशी लागला. "केक भट्टीत टाकूनच आलोय हं, नगराध्यक्षबाई!"

सभा सुरू झाली आणि साहेब उठले. "माझ्या जागी मी तिबोचं नाव सुचवतो."

तिबो म्हणजे साहेबांचा जावई. नगरसेवक होता, शिवाय जिल्हा परिषदेवरही होताच. ओदिलने मार्सेलकडे पाहिलं, तर तो चष्मा पुसत बसलेला. गुप्त मतदान झालं. स्वतःचं नाव लिहायची तिला लाज वाटली, तिने चिठ्ठी कोरीच टाकली. बाकीच्या सगळ्या चिठ्ठ्या तिबोच्या निघाल्या. तिच्या नावाची एकही नाही. एकसुद्धा नाही! तिचा कानांवर विश्वास बसेना.

"मनाला लावून घेऊ नकोस," साहेब हसत म्हणाले. "काम काय, तू करतेसच की!"

"ओदिलबाई, शनिवारी एक लग्न आहे म्हणे," तिबो म्हणाला. "माझी जिल्ह्याला बैठक आहे. तेवढं तुम्ही बघाल ना?"



शनिवारी ती गेली. त्या पोरीचा काय दोष? जुनाच पट्टा खांद्यावरून घेऊन तिने लग्न लावलं, सह्या घेतल्या. नवरीने तिला घट्ट मिठी मारली.

"फार आभार, नगराध्यक्षबाई!"

मागच्या बाकावर रेमोंने मान खाली घातली. ओदिलने नवरीच्या गालावरून हात फिरवला.

"मी नाही गं नगराध्यक्ष," ती म्हणाली. "ते बैठकीला गेलेत."