पॅनलवरचा नारळ

खंडेनवमीला यंत्रांना हार घालावा, हळदकुंकू वाहावं आणि नारळ दारात फोडावा, एवढी अक्कल अंबरनाथ एमआयडीसीतल्या शेंबड्या पोरालाही असते. शशिकांत साहेबांना नव्हती. रसायनांच्या कारखान्याचे हे मॅनेजर. मालकासमोर भक्ती उतू गेली, म्हणून यांनी नारळ थेट रिअॅक्टरच्या पॅनलवर आपटला. पाणी फटीतून आत शिरलं आणि तापमान सांभाळणारं कार्ड जळून गेलं. वर साहेबांनी स्वतःच्या हाताने खोबरं वाटलं.

मेंटेनन्स संजीवनीकडे होतं. तिने कार्डाच्या कंपनीला फोन लावला. ते मॉडेल केव्हाच बंद झालंय, अख्खं नवं पॅनल घ्या, यायला दोन-तीन महिने लागतील, असं तिकडच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं. मग संजीवनी उल्हासनगरच्या बाजारात गेली. दुकानदाराने जळकं कार्ड उलटंपालटं केलं.

"सेम टू सेम बना देंगे मॅडम. किसमें लगाना है?"

"रिअॅक्टरमें."

त्याने कार्ड तिच्या हातात परत ठेवलं. "फिर नहीं. उसमें मेरा माल मत लगाओ."

डुप्लिकेट विकणाऱ्यालाही काही लाज होती. साहेबांनी तीही सोडली होती.

"कार्ड बायपास करा, त्याच्याशिवायच चालवा," ते म्हणाले. "सदू तापमानाच्या काट्यासमोर उभा राहील. गरम झालं की हाताने पाणी सोडेल. त्यात काय एवढं? तुम्हाला जमत नसेल तर दुसरा माणूस बघतो."

बुवापाड्याचा कामगार सदू बाजूलाच उभा होता. पाणी सोडायला क्षणभर उशीर झाला तर रिअॅक्टर फुटून आपलं काय होईल, हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याने मान डोलावली. नोकरीवर पाणी कोण सोडणार? संजीवनीला साहेबांच्या तोंडाकडे बघायचीही किळस आली.

"करते बायपास," ती म्हणाली. "सदूदादा, तुम्ही घरी जा. काट्यासमोर साहेब उभे राहतील."

"मी?"

"गरम झालं की पाणी सोडायचं. तुम्हीच सांगितलंत ना?"

साहेबांनी काट्याकडे पाहिलं, मग दाराकडे. आवाज एकदम खाली आला. "पण... काही होणार नाही ना?"

"सदूदादांना काय होणार होतं?"

साहेबांनी न वाजलेला मोबाईल कानाला लावला आणि बाहेरची वाट धरली. नवं पॅनल येईपर्यंत रिअॅक्टर बंद ठेवा, असा निरोप थोड्या वेळाने आला. तोही शिपायाकरवी.