हसऱ्या तोंडाचा चौक

मी या शहरातला जुना चौक बोलतोय. गोड आठवणी ऐकायला बसला असाल, तर पुढच्या बागेत जा. माझ्या पोटात राग आहे आणि तो मुरलेला आहे.

मला एका पाथरवटानं घडवलं. तीन बाजूंना कमानींची ओवरी, चौथ्या बाजूला नगरसभेची इमारत आणि तिला दगडी सज्जा. फरसबंदीला त्यानं असा उतार दिला, की कितीही पाऊस पडो, माझ्या अंगावर थेंब थांबत नसे. जेवणाच्या सुट्टीत तो माझ्यावर पालथा झोपून एका डोळ्यानं तो उतार बघायचा. त्याची बायको डबा घेऊन ताटकळायची. "आधी जेवा. चौक काही पळून जात नाही," म्हणायची.

सज्ज्याला खालून पेलणारे दगड ठेकेदारानं दुसऱ्याच खाणीतून आणले. पाथरवटानं एकावर हातोडी वाजवली आणि कान लावला.

"मालक, हा दगड पोकळ बोलतोय. माणसांचा भार सोसणार नाही."

"दगड बसवायचा असतो, ऐकायचा नसतो," ठेकेदार म्हणाला.

पाथरवटानं दगड बसवले. घरी चूल पेटायला हवी होती. पण सज्ज्यावर कुणी चढण्याआधी भेगा तपासायला तो स्वतः खाली उभा राहिला, आणि सज्जा त्याच्यावरच आला. माझी फरशी फुटली. तिच्या सांध्यांत काय झिरपलं, ते मला ठाऊक आहे.

संध्याकाळपर्यंत ठेकेदारानं गावभर सांगितलं, की गडी दारू पिऊन काम करत होता. ज्या माणसानं कधी दारूचा थेंब चाखला नाही, तो मेल्यावर दारुडा ठरला. सोबतच्या गवंड्यांना खरं माहीत होतं. सगळे मूग गिळून बसले. त्याच्या बायकोला पाणवठ्यावर बायका जागा देईनात, आणि लेकीला शाळेत 'बेवड्याची' म्हणू लागले.

लेक मामाकडे छिन्नी धरायला शिकली. तिचा हात बापाच्या वरचढ निघाला. काही वर्षांनी ठेकेदार नगरसभेत मानाच्या खुर्चीवर बसला, आणि माझ्या मधोमध आपल्या नावाचं कारंजं उभं करायचं त्यानं ठरवलं. सिंहाच्या तोंडातून पाणी पडणार होतं. काम मामाकडे आलं, आणि मामानं ते भाचीला दिलं. तिनं गोणपाटाचा आडोसा करून आत ठोकाठोक सुरू केली. एके दिवशी मामा आत डोकावला आणि त्यानं गोणपाट घाईनं पुन्हा ओढून घेतलं.

"पोरी, यानंतर आपल्याला या गावात कोणी काम देणार नाही."

"दुसऱ्या गावात दगड नाहीत का, मामा?"

उद्घाटनाला सगळं गाव लोटलं. ठेकेदारानं स्वतः दोरी ओढली. गोणपाट खाली पडलं, आणि सिंहाच्या जागी ठेकेदारच निघाला. तीच फुगलेली नाकपुडी, तोच लोंबता गाल, ओठांचे कोपरे खाली, आणि वासलेल्या तोंडातून ओकारी यावी तसं भळभळणारं पाणी. आधी कुणीच हसलं नाही. मग ओवरीतला चांभार म्हणाला, "घ्या, ठेकेदाराच्या तोंडचं पाणी एकदाचं पळालं." त्यानंतर जे हसू उसळलं, ते माझ्या कमानींत बराच वेळ घुमत राहिलं.

लेक पुढे झाली. "माझे बाबा दारू प्यायलेले नव्हते. हे तुम्ही इथे उभं राहून सांगा. मग मी हे दगडी तोंड आत्ता फोडते."

त्यानं सांगितलं नाही. "फोडा ते," म्हणून गवंड्यांवर ओरडला. एकाही गवंड्यानं हातोडा उचलला नाही. एकदा गप्प बसले होते, त्याचं प्रायश्चित्त असावं. बायका त्या तोंडाखाली खरकटी भांडी धरू लागल्या. ठेकेदार माझ्यातून जाईनासा झाला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

म्हातारपणी तो एकदा आला. पाथरवटाची बायको कारंज्याच्या कठड्यावर बसली होती.

"वहिनी, आता पुरे करा." आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तिला वहिनी म्हटलं.

"म्हणा की मग, ते प्यायलेले नव्हते म्हणून. मी ऐकतेय."

त्याचे ओठ हलले. शब्द काही आला नाही. काठी टेकत तो गेला आणि तसाच मेला.

एवढ्यावर संपलं असतं, तर मीही शांत झालो असतो. पण पाणी दगडाला खातं, आणि ते नेमके ओठांचे कोपरे खाऊ लागलं. ते वर वळायला लागले. लेक होती तोवर दर उन्हाळ्यात छिन्नी घेऊन यायची आणि कोपरे पुन्हा खाली ओढून जायची. आता ती नाही.

आज लोक त्याला 'हसरा बाबा' म्हणतात. आया लेकरांना त्याच्या गालावर ओठ टेकवायला लावतात, नवी जोडपी त्याच्या शेजारी उभी राहून फोटो काढतात. मला घडवणाऱ्याचं नाव कुणालाही सांगता येत नाही, आणि मारणारा सगळ्यांचा लाडका झालाय.

म्हणून आज तोंड उघडलं. मला डागडुजी नको, दिव्यांची रोषणाई नको. तुमच्यात कुणी छिन्नी धरणारं असेल, तर एकदा या. ते ओठ खाली ओढा.