सिंहाच्या डोळ्यांतली काजळी

"निघाली! काजळी निघाली!"

आमच्या गावच्या पूर्वजमंदिराच्या अंगणात त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. शेवंतीची तोडणी ऐन भरात, शेतं पांढरीशुभ्र, आणि तोडणाऱ्या बायका टोपल्या बांधावर टाकून इथे हजर. मधोमध ग्वान वैद्यबुवा. त्यांनी एका म्हाताऱ्याच्या मिटल्या डोळ्यांवर ओला, पिवळट रुमाल दाबून धरला, तोंडाने काहीतरी पुटपुटले आणि तोच रुमाल शेवंतीच्या काढ्यात पिळला. पिवळाधमक काढा बघता बघता काळा झाला.

"यकृतातला अग्नी डोळ्यांवाटे जळतो, ही त्याची काजळी!" बुवा ओरडले. "जळजळलं ना, आजोबा?"

"फार जळजळलं हो!"

"जळजळणारच! तीस वर्षं आत बसलेला भाडेकरू, निघताना आदळआपट करणारच!"

लोक हसले आणि लगेच रांगेत उभे राहिले. एवढा खात्रीचा उपाय, आणि बरं कोण झालं हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

रुमाल पिळायचा तो काढा मी करत होते, आणि लोकांनी रोज प्यायचा तोही. फुलं माझी, चूल माझी, मातीचं भांडं माझं. पहिल्याच दिवशी बुवांनी चार घरची फुलं हुंगली आणि जाहीर केलं, "जोर आहे तो मेइजुआनबाईंच्या फुलांत." मेइजुआन म्हणजे मी; त्या दिवसापासून तोंगश्यांग शहरातले व्यापारी थेट माझ्या दारात. माझ्या चुलत सासूबाईंनी वीस वर्षं माझ्या फुलांना गवत म्हटलं होतं. त्याही पिशवी घेऊन आल्या. खोटं कशाला बोलू, मी चांगलीच फुगले होते.

आणि त्या तोऱ्यात माझ्या बाओझू ताईला मीच हाताला धरून रांगेत पुढे नेलं. ताईला काचबिंदू. उजवा डोळा आधीच गेलेला, डावा जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या थेंबांवर तगून होता. सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब, कधी न चुकता.

"अगं, बुवा म्हणतात थेंबांनी अग्नी आतच दाबला जातो," ती मला म्हणाली. "मी बंद केले."

"बरं केलंस," मी म्हणाले. हे दोन शब्द माझे आहेत, बुवांचे नव्हेत.

दहाव्या दिवशी दुपारी गर्दी पांगल्यावर मी भांडी आवरत होते. बुवांनी दुसऱ्या दिवसासाठी भिजवून ठेवलेला नवा रुमाल हातातून निसटून उरलेल्या काढ्यात पडला. काढा काळा झाला. त्या रुमालाला कुणाचाही डोळा लागलेला नव्हता.

मला कळायला क्षणही लागला नाही. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात मी फुलांच्या पाण्यात लोखंडी उलथनं घातलं होतं. पाणी असंच काळवंडलं आणि सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं होतं. आमच्याकडे औषध मातीच्याच भांड्यात उकळतात. लोखंड फुलाचा जीव घेतं, असं प्रत्येक सुनेला सांगतात. कालव्यापलीकडच्या रंगाऱ्यांकडे हिराकस मिळतो, तो लोखंडाचाच क्षार. रुमाल त्याच्या पाण्यात भिजवलेला होता. म्हणून तो पिवळट, आणि म्हणून डोळ्यांना झोंबणारा.

मी रुमाल स्वच्छ पिळला, वाळत घातला आणि गप्प बसले.

तोडणी संपू दे, मग सांगेन. फुलं वाफवून होऊ देत. वाळू देत. विकली जाऊ देत. मी अशी मनाची समजूत घालत राहिले. ताईला एकदा म्हटलं, "थेंबही घालत जा गं, आपले."

"का? तुझा तुझ्याच फुलांवर भरवसा नाही?"

मी हसून विषय बदलला. लाज वाटते सांगताना, पण हसले.

दोन महिने गेले. नववर्षाच्या तोंडावर ताई माझ्याकडे आली आणि चहाचं पाणी कपात ओतताना तिने ते टेबलावर ओतलं. "किती अंधारून आलंय," ती म्हणाली. बाहेर लख्ख ऊन होतं.

दवाखान्यात डॉक्टर यान बाईंनी डोळ्यातला दाब पाहिला आणि विचारलं, "थेंब कधीपासून बंद?"

"पण शेवंतीचा काढा घेत होते की मी!"

"मीही रोज पिते, मावशी. चवीला छान, घशाला बरा. पण चहाने हा दाब उतरला असता, तर मी इथे कशाला बसले असते? थेंब आजपासून सुरू करा. उरलंय तेवढं राखू. गेलेलं परत येत नाही."

दुसऱ्या दिवशी ताईला घेऊन मी मंदिराच्या अंगणात गेले; बुवांपुढची रांग अजून तशीच होती. बुवांच्या हातून रुमाल ओढला आणि दारातल्या दगडी सिंहाचे दोन्ही डोळे खसाखसा पुसले. मग तो काढ्यात पिळला. काढा काळा.

"बुवा, सिंहाचंही यकृत तापलंय वाटतं?"

"बाई, श्रद्धा नसलेल्या हाताने..."

"श्रद्धा सिंहाला लागते की रुमालाला? बुवा, रुमालात हिराकस आहे!"

चुलत सासूबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगं बाई, लोखंड! हे तर नव्या सुनेलाही ठाऊक असतं. आपल्याला कसं सुचलं नाही?"

सुचणार कसं? लोखंड का लावायचं नाही, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. नुसतं पाळत आलो होतो. गोंधळात बुवा घाटावरची नाव गाठून पसार झाले.

"तुला कधी कळलं?" ताईने विचारलं. 'आज' म्हटलं असतं तरी खपून गेलं असतं.

"दहाव्या दिवशी."

"मी थेंब बंद केलेत, हे तेव्हा तुला माहीत होतं?"

"हो."

तिने माझा हात सोडला. बुवांनी गावाला फसवलं हे खरं, पण ताईच्या डाव्या डोळ्याची बरीचशी नजर माझ्या गप्प बसण्याने गेली.

आता ती माझ्याकडेच असते. सकाळ-संध्याकाळ थेंब मी घालते. तिने मला माफ केलं का, हे विचारायचा धीर झालेला नाही. तुम्हाला एवढंच सांगते: शेवंतीचा चहा खुशाल प्या, पण डोळा डॉक्टरला दाखवा. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी तोच रुमाल दगडावर पुसून बघा. आणि लबाडी कळली, तर त्याच दिवशी बोला.

काल चहा दिला, तर ताईने कप डोळ्याजवळ नेला.

"रंग कसा आहे गं?"

"पिवळा."

"नीट बघून सांग," ती म्हणाली. "आता तू सांगशील तेच मला खरं."