दिव्याचं तोंड खाली

तासगावच्या वरच्या माळावर आकाराम हवालदारांचं बेदाण्याचं शेड. पलटणीतून येऊन वीस वर्षं झाली, पण पहारा काही सुटला नाही. गेल्या साली शेजारच्या एका शेडातला बेदाणा रातोरात गेला, तेव्हापासून माळावरच्या सातही शेडांवर लख्ख पांढरे दिवे लागले. मुंगी चालली तरी दिसावी.

त्यांची नात पल्लवी साताऱ्याला कॉलेजात शिकत होती. आभाळाचे फोटो काढायचा तिला नाद. आपल्या गावावरची आकाशगंगा, असा एक फोटो परवापर्यंत स्पर्धेला पाठवायचा होता. निवडला गेला, तर सुट्टीभर मोठ्या दुर्बिणीवर शिकायला मिळणार होतं. अमावास्या आजच. साताऱ्यात उजेडानं तारे बुजलेले, म्हणून ती अंधाराच्या भरवशावर गावी आली होती. पहाटे तीनला शेडामागं तिपाईवर कॅमेरा लावला आणि रडकुंडीला आली.

"आबा, आभाळ ताक सांडल्यासारखं दिसतंय. आपला दिवा अर्धा तास बंद करा की."

"आगं, आत साऱ्या सालाचा माल हाय."

पोरगी कॅमेरा पिशवीत भरायला लागली. ते काही आकारामना बघवेना. काठी घेऊन ते दारात बसले आणि बटण बंद केलं.

पाच मिनिटं झाली असतील नसतील, चारी बाजूंनी बॅटऱ्या नाचत आल्या. "धरा! धरा रं!" पुढं शेजारच्या शेडाचा साईराज, हातात कुऱ्हाडीचा दांडा. मागं बाकीचे पाच शेडवाले.

आकारामनी कपाळावर हात मारला. ज्याचा दिवा जाईल त्याच्याकडं सगळ्यांनी धावायचं, हा नियम त्यांनीच घालून दिला होता. आज फोन करून सांगायचं तेवढं राहून गेलं.

"चोर कुठाय, हवालदार?"

"चोर न्हाई रं. नात फोटो काढतीया."

"अंधारात?" साईराजला हसू आवरेना. "आवं, लग्नात एवढा उजेड पाडत्यात, तरी माझा फोटो काळाच येतो!"

"काका, आधी बॅटऱ्या बंद करा," पल्लवी म्हणाली. मग तिनं कॅमेऱ्यातला फोटो दाखवला. अर्धं आभाळ पांढरट.

"ह्यो उजेड कुणाचा?"

"तुमच्याच शेडाचा."

साईराज वरमला. "पण बंद कसा करू? माल उघडा पडंल."

"बंद नका करू. दिव्याचं तोंड खाली वळवा. माल खालीच हाय. आभाळात कोण चोरी करतंय?"

"पोरगी खरं बोलतीया," आकाराम म्हणाले. "निघा आता."

सहाजण आपापल्या शेडाकडं गेले. शिड्या लागल्या. एकेक दिवा मान खाली घालू लागला. चार वाजून गेले, साईराजचा मात्र तसाच. त्याचा नट गंजलेला. आकारामनी फोनवरच आवाज चढवला, "पाना चालत न्हाई तर दिव्यावर पत्र्याचा डबा बांध!"

डबा बांधला गेला. आणि माळावर आकाशगंगा अशी उतरली, की हवालदार पहारा विसरून वर बघत राहिले. लहानपणी मेंढरांबरोबर वावरात निजताना पाहिली होती, ती हीच.

पल्लवीनं सहा फोटो काढले. शेवटचा बघून ती हसली, मग तिच्या कपाळाला आठी पडली. "तळाला गावाचा पिवळा उजेड आलाय, आबा. पुसू का?"

"ऱ्हाऊ दे की. कुठल्या गावाचं आभाळ हाय, ते कळाय नको?"

तिनं तोच फोटो पाठवला. तेवढ्यात साईराजचा फोन आला. "हवालदार, डब्यानं उजेड खाली वळल्यापासनं अंगणातली मांजरं मोजता येत्यात. माझा डबा हितनं पुढं असाच ऱ्हाणार!"