खटका धरणारी

“बाबा, मी तुमची मुलगी आहे की या गाडीचा पार्ट?”

विचारलं एकदाचं! टीममधल्या मुलींनी पैजच लावली होती, की भोंगा बाहेर कितीही वाजला तरी बापासमोर त्याची बोलती बंद होते. भोंगा म्हणजे ती स्वतः. गोलपोस्टमध्ये उभी राहून ती अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशी ओरडायची, त्यावरून हे नाव पडलं होतं, आणि या वर्षापासून तिला ते चक्क आवडायला लागलं होतं. प्रश्न मैत्रिणींनी शिकवलेला होता. पण तोंडातून बाहेर पडल्यावर तिच्या लक्षात आलं, की उत्तर तिलाही हवंय.

बाबा रस्त्याकडे बघत होते. मागे पिकअपच्या हौद्यात दोन डबल गाद्या दोरीने करकचून बांधलेल्या. शनिवारची दिवेलागणीची वेळ. आणि तिच्या अंगठ्याखाली हेडलाइटचा खटका. जुन्या पद्धतीचा, बाहेर ओढायचा. नुसता ओढून भागायचं नाही. ओढायचा आणि शिवाय खाली दाबून धरायचा, तेव्हा कुठे दिवे राहायचे. अंगठा जरा ढिला पडला की समोरचा रस्ताच गायब.

“पुढे खड्डा आहे,” बाबा म्हणाले. “घट्ट धर.”

झालं! मिळालं उत्तर.

दोन वर्षं हेच चाललं होतं. बाबा गाद्या बनवायचे, आई त्यांची कव्हरं शिवायची, आणि माल पोहोचवायचा तो संध्याकाळीच, कारण गिऱ्हाइकं दिवसा घरी सापडत नाहीत. बाबांचा एक हात स्टिअरिंगवर, दुसरा गिअरवर. तिसरा हात देवाने दिला नव्हता, म्हणून मुलगी दिली होती. शाळा आणि दुपारचा सराव उरकला की दप्तर टाक, गाडीत बस, खटका धर. तिच्या अंगठ्याला घट्टा पडला होता. टीममधल्या मुली तो हात लावून बघायच्या आणि खिदळायच्या.

हसण्यापुरतं ठीक होतं. पण शुक्रवारी फुटबॉलच्या सरांनी सांगितलं, की दुपारी मैदान मोठ्या मुलांना दिलंय, सोमवारपासून आपला सराव संध्याकाळी. मग सर तिच्याकडे वळले होते.

“तू येणार का? सरावाला नसलेली गोलकीपर मला मॅचला नको. सोमवारी दिसली नाहीस तर चाळणीला उभी करतो.”

चाळण म्हणजे राखीव गोलकीपर. मुलगी गोड, पण तिच्या हातांतून सगळं आरपार जायचं. भोंग्याने मात्र हा गोल मिळवायला दोन वर्षं गुडघे सोलून घेतले होते. आणि तो एका खटक्यापायी चाळणीला द्यायचा? शक्यच नाही!

म्हणून रविवारी सकाळी सकाळी ती नव्या खटक्याची डबी घेऊन गाडीपाशी हजर झाली. जास्त भार सोसणारा, मजबूत खटका. फोनवर तिने व्हिडिओसुद्धा बघून ठेवले होते. त्यातला माणूस इतका स्वच्छ होता, की त्याच्या नखांतसुद्धा काळं नव्हतं, आणि चहा गार व्हायच्या आत त्याचं काम उरकलेलं असायचं.

“हात लावू नकोस,” बाबा म्हणाले. “खटका बदलून काही होत नाही.”

“तुम्हाला कसं माहीत?”

“माहीत आहे मला.”

“पण कसं?”

बाबा एकदम कापूस पिंजायच्या मशीनकडे वळले आणि तिथे काहीतरी फार महत्त्वाचं शोधायला लागले. आतून शिलाई मशीनचा आवाज थांबला.

“करू द्या हो तिला,” आई म्हणाली. “नाहीतर दिवसभर भोंगा वाजत राहील.”

पहिला अर्धा तास बॅटरीचा नटच सुटेना. बाबा दारात उभे राहून म्हणत होते, “बॅटरी कशाला काढतेस? मी कधी काढली नाही.” ती म्हणाली, “म्हणूनच तुम्हाला ठिणगी दिसली की तुम्ही असं काही बोलता, की आई माझे कान झाकते.” नट सुटला, पण जाताना तिच्या बोटाचं सालपट घेऊन गेला.

मग खटका. तो डॅशबोर्डमधून काढायचा तर आधी पुढची मूठ निघायला हवी, आणि त्या मुठीला स्क्रूच नव्हता. वर नाही, खाली नाही, बाजूला नाही. तिने पिळून बघितलं. ओढून बघितलं. फडकं गुंडाळून पकडीने ओढलं, तर मूठ जागची हलली नाही, पकड मात्र सटकून हनुवटीवर बसली.

“मी सांगत होतो,” बाबा म्हणाले.

“तुम्ही काहीच सांगत नाही आहात! तुम्ही फक्त ‘मी सांगत होतो’ एवढंच सांगताय!”

शेवटी ती उलटी झाली. पाठ खाली पायदानात, पाय वर सीटच्या पाठीवर, डोकं पेडलांच्या शेजारी आणि दातांत फोनचा टॉर्च. वरून वर्षानुवर्षांचा कापूस आणि धूळ डोळ्यांत पडत होती. तिला त्या अवस्थेत आई येऊन बघून गेली आणि एवढंच म्हणाली, “पाय खाली घे, सीटला डाग पडतील.” तिच्या अंगाचा तिळपापड झाला. पण दातांत फोन असताना भांडता येत नाही.

आणि तेव्हाच तिला ते दिसलं. खटक्याच्या पोटाला, मागच्या अंगाला, एक बारीकसं बटण. खटका पूर्ण ओढून तिने ते स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबलं, आणि सकाळपासून छळणारी मूठ आपल्या दांडीसकट अशी सहज बाहेर आली, की तिचं कोपर खाडकन स्टिअरिंगवर आपटलं. दुखलं तरी ती “निघालं! निघालं!” असं ओरडली. रस्त्यावरून जाणारा सायकलवाला दचकून वळून बघायला लागला.

पुढची चकती सोडवून तिने खटका खाली घेतला, उजेडात धरला, आणि तिचा आनंद तिथेच थांबला.

गाडी तिच्याहून वयाने कितीतरी मोठी होती. मुठीवरचा रंग बोटांनी झिजून गेला होता. पण मागचा खटका मात्र कोरा करकरीत. त्याच्यावर कंपनीचं चकचकीत स्टिकर होतं, त्याचा एक कोपरासुद्धा निघाला नव्हता. हातातल्या डबीतल्या खटक्याचा जणू सख्खा भाऊ.

“बाबा,” ती म्हणाली. “हा तर नवा आहे.”

बाबांनी मान खाजवली.

“बाबा!”

“बदलला होता मी,” ते म्हणाले. “तू शाळेत होतीस. मूठ जुनीच ठेवली, ती चांगली होती. संध्याकाळी गाडी काढली, तर परत तेच. दिवे आपले लुकलुक.”

“कधी?”

“झाली असतील दोन वर्षं.”

आई दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात अर्धवट शिवलेलं कव्हर. “अहो, म्हणजे तुम्ही मला म्हणालात खटका मिळत नाही, तो हा?”

“मिळाला होता. पण चालला नाही, तर काय सांगायचं? लोकांना गाद्या देतो मी, मला एक खटका बसवता येत नाही, असं? मग म्हटलं, पोरीने धरला की चालतंय, तर चालू दे.”

“चालतंय?” तिचा आवाज इतका चढला, की तो तिचा तिलाच लागला. “कोण चालवतंय? मी चालवतेय! दोन वर्षं मी अंगठा दाबून बसलेय, आणि तुम्हाला माहीत होतं की दोष खटक्यात नाही?”

“मला काय दोष आहे ते माहीत नव्हतं गं,” बाबा म्हणाले. “तेच तर.”

तिला रडू येत होतं आणि रडायचं तर अजिबात नव्हतं, म्हणून ती परत गाडीत घुसली. जिथून खटका काढला तिथे वायरींचा प्लग लोंबत होता. तो तिने हातात घेतला मात्र, नाकात वास गेला. जळका. दिव्यांचा सगळा भार इतकी वर्षं याच्यातून गेला होता. एका बाजूचं प्लास्टिक तपकिरी होऊन मेणासारखं ओघळलेलं, आणि त्याच्या आत एक पितळी पत्ती पडायला आलेल्या दातासारखी हलत होती.

म्हणजे असं होतं तर! मूठ खाली दाबली की मागचा खटका तिरपा व्हायचा आणि या हलत्या पत्तीवर टेकायचा. म्हणून दिवे लागायचे. दुकानातला सगळ्यात भारी खटका आणून याच प्लगमध्ये बसवला असता, तरी संध्याकाळी तिचा अंगठा परत तिथेच!

ती हातही न धुता सायकल काढून दुकानात गेली. काउंटरवरच्या माणसाने तिच्या काळ्या हातांकडे बघितलं आणि म्हणाला, “बाबांना पाठव.”

“बाबा आले तर ते खटका नेतील,” ती म्हणाली. “मला प्लग हवाय. वायरी लावलेला. आणि व्हिडिओत दाखवतात तसे दोन रिले, फ्यूज आणि जाड वायर.”

त्याने तिला तीन वेळा विचारलं, की नक्की का. तिने तीन वेळा सांगितलं, की नक्की. चौथ्यांदा विचारलं असतं तर त्याने मैदानावरचा आवाज ऐकला असता.

नव्या प्लगच्या वायरींचे रंग जुन्यांशी जुळत नव्हते. अर्थातच! एकेक वायर शोधत, लावत, काढत दुपार गेली. जेवण गाडीतच झालं. मधेच बाबा वाकून म्हणाले, “हे रिले कशाला?”

“आत्तापर्यंत सगळा भार खटक्यातून जायचा, म्हणून प्लग जळला. आता खटका फक्त इशारा देणार. बॅटरीतून थेट येणारा भार हा रिले उचलणार.”

“म्हणजे एकाने नुसतं सांगायचं आणि दुसऱ्याने राबायचं,” आई आतून म्हणाली. “असला एक रिले या घरात आधीपासून आहे.”

सगळं जोडून झालं, बॅटरी लावली, आणि तिने खटका ओढला. काही नाही. आत ढकलला, परत ओढला. रिले टक् करून वाजलासुद्धा नाही. तिने प्रत्येक जोड बोटाने चाचपला. प्लग ठीक. फ्यूज ठीक. सगळं ठीक, आणि दिवे ठार बंद! अंधारून यायला लागलं होतं, उद्या सोमवार होता, आणि ती बॉनेटवर दोन्ही कोपरं टेकून नुसती उभी राहिली. शिव्या तिला तीनच येत होत्या, त्या सकाळीच संपल्या होत्या.

बाबा शेजारी येऊन वाकले. बराच वेळ बघत राहिले. मग रिलेची काळी वायर जिथे पत्र्याला स्क्रूने घट्ट केली होती, तिथे त्यांनी बोट ठेवलं.

“इथला रंग खरवडला होतास?”

“नाही. का?”

“रंगावर कसं लागेल अर्थिंग? उघडा पत्रा पाहिजे.”

व्हिडिओतल्या स्वच्छ माणसाने हे सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, तेव्हा तिने पुढे ढकललं असेल. बाबांनी स्क्रू काढला, जुन्या स्क्रूड्रायव्हरने पत्रा चकाकेपर्यंत घासला, आणि स्क्रू पुन्हा आवळला. “ओढ आता,” ते म्हणाले, आणि मागे सरकले.

तिने ओढला. टक्.

समोरच्या दुकानाचं मिटलेलं शटर पांढरंफटक उजळलं. त्याची प्रत्येक पट्टी, त्यावर खडूने काढलेला स्टम्प, खाली झोपलेलं मांजर, सगळं स्वच्छ. मांजर रागाने उठून गेलं. तिने दोन्ही हात हळूच मांडीवर ठेवले. दिवे तसेच. श्वास सोडला. तरी तसेच.

बाबांनी तिला शेजारी बसवून गल्लीतून एक फेरी मारली. खड्डे चुकवले नाहीत, मुद्दाम त्यांतून नेली. गाडी उडत होती, आपटत होती, आणि उजेडाचा लांबलचक पट्टा पुढे न लुकलुकता पळत होता. “वा,” बाबा म्हणाले. आणखी थोडं पुढे गेल्यावर परत म्हणाले, “वा.” ती इतकी खूश झाली, की सकाळचं सगळं माफ करून टाकायच्या बेतात होती.

घरापाशी त्यांनी गाडी थांबवली. आई बाहेर आली होती.

“बघितलंस?” बाबा आईला म्हणाले. “आता हिचे हात मोकळे झाले. उद्या तीन ठिकाणी जायचंय. ही फोनवर पत्ते बघत जाईल. मी सारखा चुकतो.”

“बरं झालं बाई,” आई म्हणाली. “आणि उशांची कव्हरं पण देते सोबत. वाटेत बसल्या बसल्या बटणं लावून होतील.”

ती दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. दोघांपैकी कोणीही वाईट बोलत नव्हतं. दोघं खरोखर खूश होती. तेच तर! दिवसभर ती ज्याच्याशी झुंजत होती, ते जळकं प्लास्टिक आणि एक ढिली पत्ती होती, आणि ते आता बदललेलं होतं. गाडीतली तिची जागा मात्र तशीच होती, फक्त अंगठ्याऐवजी आता पूर्ण दोन्ही हात लागणार होते. उद्या पत्ते, परवा बटणं. आणि ती काम चांगलं करते, म्हणून काम कधी संपणारच नाही.

आणि खरं तर तिने त्यांना सरावाचं कधी नीट सांगितलंच नव्हतं. मुलगी की पार्ट, असलं काहीतरी विचारलं होतं, खटक्यावर चिडली होती, पण सोमवारचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. खटका नीट झाला की सगळं आपोआप होईल, असं धरून चालली होती.

ती गाडीतून उतरली, दार लावलं आणि दोघांच्या मधे जाऊन उभी राहिली. बोटाचं सालपट झोंबत होतं. या वेळी ती ओरडली नाही. गरजच नव्हती.

“बाबा, आई, ऐका. उद्यापासून माझा सराव संध्याकाळी आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी मैदानावर असणार. मंगळवारी आणि गुरुवारी मी गाडीवर येईन, पत्ते बघेन, गाद्या उचलेन, बटणंसुद्धा लावेन. पण ते तीन दिवस नाही. माल जास्त असला तरी नाही. मी विचारत नाहीये, मी ठरवलंय.” बाबांनी तोंड उघडलं, आणि ती त्यांच्या आधी म्हणाली, “आणि बाबा, उद्या शेवटची गादी पोहोचवून झाली की मला मैदानाच्या फाटकाशी घ्यायला या.”