जेवण झालं का विचारणारा फोन

२०२२ साल होतं. पाऊस सरत आला होता, नवरात्र तोंडावर होतं, आणि सत्तरी ओलांडल्यावर मी पुन्हा कामाला लागले होते. माझ्या भावाची मुलगी निशा राजारामपुरीतल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत होती. म्हाताऱ्या माणसांना औषधांची आठवण करून देणारं एक अ‍ॅप ती कंपनी बनवत होती. फोनवर जी वाक्यं दिसणार ती मुळात इंग्रजीत लिहिलेली. त्यांचं मराठी मी करायचं आणि कन्नड यल्लाप्पा मास्तरांनी. कुठलं वाक्य कुणाकडं गेलं, कुणाकडून आलं, मध्येच काय बदललं, हे सगळं निशा बघायची. मास्तर कळंब्याला राहायचे आणि कॉम्प्युटरपुढं बसायचे नाहीत, म्हणून छापलेली वाक्यं घेऊन मी त्यांच्याकडं जायची.

मला हे काम नवं वाटलंच नाही. लग्नाआधी मी इथल्याच एका सिनेमाच्या स्टुडिओत होते. ऐन वेळी संवाद बदलला की नवा कागद घेऊन मेकअपच्या खोल्यांकडं पळायचं, हे माझं काम. आरशाभोवती पिवळे दिवे, हवेत पावडरीचा वास, आणि त्या उजेडात डोळे मिटून नुसते ओठ हलवत बसलेली माणसं. आईच्या भूमिका करणारी एक वयस्कर नटी होती. कागद हातात घेऊन ती मला म्हणाली होती, "पोरी, रात्रभर जिभेवर घोळवलेली ओळ आता मी कुठं नेऊन टाकू?" तिचा चेहरा पुसट झालाय, आवाज नाही.

आमच्याकडं वाक्यं सुटी यायची. मागं पडदा नाही, पुढं चित्र नाही. 'पुढे जा.' 'पुन्हा प्रयत्न करा.' 'आजचं राहून गेलं.' कळंब्याच्या बसमध्ये मी ती मांडीवर घेऊन बसायची. खिडकीतून ओला वारा यायचा, डोळा लागायचा, आणि त्या अर्धवट झोपेत ती वाक्यं मला माणसांसारखी दिसायची. कुणाच्या दारात उभं राहायचंय हे कुणी सांगितलेलं नाही, तरी निघालेली माणसं.

मास्तरांचं घर तलावाच्या मागच्या अंगाला होतं. सकाळी तिथं पाण्यावर धुकं असायचं आणि धुक्यातून धुवायला आणलेल्या म्हशींची फक्त डोकी दिसायची. मास्तर मूळचे सीमेवरच्या गावचे. कन्नड शाळेत आयुष्य गेलं, मग मुलीच्या शिक्षणासाठी इकडं आले आणि इथलेच झाले. त्यांची बायको सरुबाई दारातूनच ओरडायची, "पावणं आलं बघा! उठा की, का तुमास्नी पालखीतनं आणायचं?"

"पावणी कसली? तंगी हाय ती माझी," मास्तर आतून म्हणायचे. तंगी म्हणजे धाकटी बहीण. मी त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी होते, पण तंगी म्हणवून घेताना मला बरं वाटायचं.

प्रत्येक वाक्याला ते एकच विचारायचे. "हे कोण वाचतंय? उभं राहून का बसून?" मग डोळे मिटून, त्या माणसाला समोर बसवून, हळूहळू कन्नड सांगायचे आणि लिहायचे. 'जेवणानंतर औषध घ्या' अशा अर्थाच्या वाक्यापाशी त्यांनी पेन खाली ठेवलं. बाहेर कुणीतरी म्हशीला हाळी देत होतं. मग त्यांनी लिहिलं, 'ऊटा आतेनु?' म्हणजे, जेवण झालं का?

"आमची अव्वा असंच विचारायची," ते म्हणाले. अव्वा म्हणजे आई. "शाळेतनं आलो की पाय धुवायच्या आधी. रस्त्यात भेटलेल्यालापण हेच विचारतात आमच्याकडं. औषधाचं पुढच्या ओळीत सांगू की."

निशालाही ते आवडलं. मीही मराठीत तसंच केलं.

पुढच्या खेपेला गेले तर मास्तरांनी मोठ्या कौतुकानं एक कागद पुढं केला. "हे बघ, आज सुचलं." कागदावर 'ऊटा आतेनु?' होतं. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. मी हसून कागद घेतला. सरुबाई मला पोचवायला फाटकापर्यंत आली, आणि तिचा नेहमीचा मोठा आवाज एकदम खाली उतरला. "परवा तळ्यावरनं घराकडं यायचा रस्ता इसरलं. डाक्टरनी सांगितलंय, हे वाढत जाणार म्हणून. तुमास्नी कळलंच आसंल."

मास्तरांनाही ठाऊक होतं. एका दुपारी चहा गार होऊ देत ते म्हणाले, "तंगी, हे मी कुणासाठी लिहितोय सांगू? माझ्यासाठी. अजून थोड्या दिवसांनी हा फोन मला विचारणार. तेव्हा मला सरू कोण हेबी कळायचं न्हाय कदाचित. पण माझं वाक्य मला वळखू यील. परक्यानं विचारलं तर मी तोंड उघडणार न्हाय, माझा सोभावच तसा हाय. तेवढं तसंच जाऊ दे."

मी हो म्हटलं. हो म्हणणं माझ्या हातात होतं का, याचा विचार बसमध्ये बसल्यावर आला.

अ‍ॅप लोकांच्या हाती द्यायच्या थोडं आधी वाक्यं गोठवतात. त्यानंतर मूळ इंग्रजीतला एक शब्दही हलवायचा नाही, कारण मूळ वाक्य हललं की त्याचं भाषांतर आपोआप गळून पडतं आणि त्या जागी कोरं इंग्रजी उभं राहतं. निशानं ऑफिसच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलं होतं: गोठवल्यावर बदल हवा असेल तर सगळ्या भाषांना विचारायचं. एका भाषेनं जरी नाही म्हटलं तरी बदल पुढच्या आवृत्तीत. खाली मालकांची, विजयसिंहांची, सही होती. त्यांनी ती हसत हसत केली होती.

वाक्यं गोठली आणि त्याच आठवड्यात बदल आला. ज्या मोठ्या गिऱ्हाइकासाठी अ‍ॅप चाललं होतं, त्यांना भाषा अधिक अदबीची हवी होती. 'कृपया भोजनानंतर आपल्या औषधाची नोंद करावी' अशा थाटाची. बदलायच्या वाक्यांत मास्तरांचं वाक्य होतं.

निशा माझ्या घरी आली आणि चप्पल न काढताच ओट्यावर टेकली. "आत्या, मास्तरांकडनं नवं करून घ्यायला पाहिजे. जमंल त्यांना?"

आम्ही दोघी कळंब्याला गेलो. निशानं नवं इंग्रजी वाचून अर्थ सांगितला. मास्तरांनी मान हलवली, डोळे मिटले, आणि खूप वेळानं, अगदी मन लावून लिहिलं. 'ऊटा आतेनु?' मग निशाकडं बघून म्हणाले, "हे आज सुचलं, पोरी. चांगलं हाय न्हवं?"

"लई चांगलं हाय, मास्तर," निशा म्हणाली. परतीच्या वाटेवर मी तिला मास्तरांचं 'तेवढं तसंच जाऊ दे' हे मागणं सांगितलं. तिनं पदरासारखी ओढणी तोंडावर धरली होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला स्वप्न पडलं. कळंब्याच्या तलावावर स्टुडिओतले पिवळे दिवे लावले होते. पाण्यावर पातळ धुकं, आणि त्यातून वाक्यं चालत येत होती, अनवाणी, एकामागून एक. पलीकडच्या काठावर एक बाई दार उघडून बसली होती. तिच्यापाशी पोचलेल्या प्रत्येकाला ती काहीतरी विचारत होती. मी कागद घेऊन तिच्याकडं पळत होते, तिची ओळ बदलली आहे हे सांगायला. पळताना पाय वाळूत रुतत होते. मला पोचायचंच नव्हतं.

सकाळी निशाबरोबर मी ऑफिसात गेले. विजयसिंह माणूस वाईट नव्हते. मोठ्यानं बोलायचे आणि लगेच चहा मागवायचे.

"अगं, त्यात काय एवढं?" ते म्हणाले. "बंगळुरात माणसं बसल्यात या कामाला. आज पाठवलं की उद्या कन्नड हातात."

"सर, आधी भाषांना विचारायचं ठरलंय," निशा म्हणाली. "कन्नडचा नकार हाय."

"मराठीचापण," मी म्हणाले.

"काकू, तुम्ही घरच्याच! आणि कसला नियम गं हा? तुझ्या आत्याच्या घरचा?"

"तुमच्या सहीचा हाय, सर. बघा की मागं वळून."

ते खुर्चीतच वळले. भिंतीकडं बघत राहिले, मग हसू आवरेना. "माझ्याच गळ्यात अडकवलंस व्हय! बरं. पुढच्या आवृत्तीत बदलू. पण गिऱ्हाइकाला तू सांगायचं. आणि ते बिघडलं तर माझ्याकडं रडत यायचं न्हाय."

"न्हाय येणार."

तिनं फोन लावला तेव्हा मी जिन्यात उभी होते. खालच्या गिरणीत दळण चाललं होतं, त्यामुळं ती काय बोलली ते ऐकू आलं नाही. दारातून तिचा हात तेवढा दिसत होता. टेबलावरची पेन्सिल ती उभी करत होती आणि पेन्सिल पुन्हा पुन्हा पडत होती.

अ‍ॅप दिवाळीच्या आधी आलं. आम्ही ते मास्तरांच्या फोनवर चढवलं आणि दुपारच्या गोळीची वेळ येईपर्यंत भडंग खात बसलो. फोन वाजला. मास्तरांनी चष्मा लावला, पडद्यावरची अक्षरं बोटाखाली धरून वाचली. 'ऊटा आतेनु?' त्यांनी मान वर केली ती आमच्याकडं नाही, दाराकडं. दारात ऊन होतं, दुसरं कुणी नव्हतं.

"आतु, अव्वा," ते म्हणाले. झालं, आई.

सरुबाईनं गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली.

पुढं गिऱ्हाईक कुरकुरलं आणि निशाकडून ते काम काढून घेण्यात आलं. ती रडत गेली नाही. वर्षभरानं तिनं दुसरीकडं नोकरी धरली. आता ती पुण्यात असते, तिथंही वाक्यंच सांभाळते, आणि भिंतीवर तोच कागद लावलाय म्हणते. विजयसिंहांनी पुढं ऑफिस मोठ्या इमारतीत नेलं. भेटले की अजून मला "मराठी भाषा कशी हाय?" असं विचारतात. नवी आवृत्ती मात्र २०२३च्या जानेवारीतच आली आणि सगळ्यांच्या फोनवर अदबीची वाक्यं आली.

मास्तरांच्या फोनवर आली नाहीत. निशानं त्यांच्या फोनवर नवी आवृत्ती चढणंच बंद करून ठेवलं होतं. फोनची काच तडकली आहे, पण सरुबाई तो दुकानात नेऊ देत नाही. ती थकली आहे. दारातून ओरडते मात्र तशीच.

मी अजून बसनं कळंब्याला जाते. मास्तर मला आता तंगी म्हणत नाहीत, काहीच म्हणत नाहीत. सरुबाईकडंही पाहुण्याकडं बघावं तसं बघतात. दुपारी फोन वाजतो, आणि ते दाराकडं बघून उत्तर देतात. मग हात पुढं करतात, गोळीसाठी.