पडद्यावरचा घोडा

सांगलीतल्या एका कला विद्यालयात कॉम्प्युटर आले. "यावर चित्रकला शिकवायला कुणाला जमेल?" असं प्राचार्यांनी विचारलं आणि जिनेंद्र मगदूमनं हात वर केला. तिथंच माती खाल्ली. कागदावर कोळशानं घोडा काढावा तर मगदूम सरांनीच. पण कॉम्प्युटरला जोडलेल्या त्या काळ्या पॅडवर पेन टेकवलं की पडद्यावर घोड्याचं गाढव व्हायचं. दोन महिने झटापट केली, मग नाद सोडला. खरं सांगायची मात्र हिंमत झाली नाही.

अबोली नावाची जुनी विद्यार्थिनी आपली चित्रं काढतानाची रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवरच ठेवून गेली होती. जिनेंद्र त्यातलं एक प्रोजेक्टरवर लावायचा आणि वायर काढलेल्या पॅडवर नुसतं पेन फिरवायचा. पोरं आ वासून बघायची. वर्षभर हे खपलं.

एक दिवस साताऱ्याहून अनंत सर आले. जिनेंद्रला पेन्सिल धरायला शिकवली ती यांनीच. आता वय ऐंशी, हाताला कंप. "तुझं ते कॉम्प्युटरचं बघायचंय रे," म्हणत मागच्या बाकावर बसले. यांच्यासमोर तरी खोटं नको, असं जिनेंद्रला वाटलं, नाही असं नाही. पण समोर पस्तीस पोरं बसलेली. त्यानं रेकॉर्डिंग लावलं.

घोड्याची मान झाली, पाठ झाली. "वा!" अनंत सर मागून म्हणाले. त्या एका शब्दानं जिनेंद्र हुरळला आणि फळ्यावरच्या जुन्या सवयीनं पेन उचलून पडद्याकडे दाखवू लागला, "बघा, मानेची रेघ कशी एका दमात..."

पेन हवेत, आणि पडद्यावर घोड्याचे पाय उमटतच होते.

"सर, हात तर वर हाय की तुमचा!" शिराळ्याची स्वप्नाली बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. कुणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. जिनेंद्रला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घोड्याची शेपटी तेवढी राहिली होती, तीही झाली.

अनंत सर उठले. भिंतीला धरत धरत बटणांपाशी गेले आणि कापऱ्या बोटानं प्रोजेक्टर बंद केला.

"लाइट गेली वाटतं," ते म्हणाले. मग फळ्याखालचा खडू उचलून त्यांनी जिनेंद्रच्या हातात दिला. "फळ्यावर काढ."

डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. जिनेंद्रनं वर्गाकडे बघितलं. पस्तीसच्या पस्तीस पोरं मान खाली घालून बसली होती, जणू चूक त्यांचीच होती.

"व्हय सर," स्वप्नाली हळूच म्हणाली, "लय वेळ झाला लाइट जाऊन."